टॅब पुरेत, आता टॅब चालवणाऱ्या मुलीचा पगार द्या

मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागप्रमुखांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांसोबत काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी एकोणीस वर्षं आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. ज्या कंपनीमुळे हे पत्र लिहायची वेळ आली तिचंही लिहीत नाही. मार्चएंड तोंडावर आलाय, आमचे दोन प्रस्ताव तुमच्यापैकी कुणाकुणाच्या टेबलावर पडून आहेत, आणि सीएसआरचं जग किती लहान आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे. शिवाय मला जे म्हणायचंय ते एका कंपनीपुरतं नाहीच. गेल्या दहा-बारा वर्षांत चार कंपन्यांशी आमचा संबंध आला आणि चारही वेळा गाडी त्याच खड्ड्यात अडकली.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी ईमेल आला. इंग्रजीत, सव्वा पानाचा. ‘स्ट्रॅटेजिक रिअलाइनमेंट’ हे शब्द त्यात तीनदा होते. चहा गार होईपर्यंत त्याचा अर्थ लावत बसलो, तो असा निघाला: एप्रिलपासून कंपनी फक्त एआयवर आधारलेल्या नव्या प्रकल्पांना मदत करणार. आम्हाला करून दिलेलं अ‍ॅप ३१ मार्चला बंद होणार. त्यातली माहिती त्यानंतर ‘धोरणानुसार’ पुसली जाणार. आणि डेटा एन्ट्रीचं पद या महिन्यापासूनच मंजूर नाही.

ते ‘पद’ शेजारच्या खुर्चीत बसून माझ्याबरोबर तो ईमेल वाचत होतं. तेवीस वर्षांची मुलगी आहे. आईवडील ऊसतोडीला जातात, ती स्वतः हंगामी वसतिगृहात राहून शिकली, एमएस-सीआयटी केलं, मराठी तीस टायपिंगची परीक्षा दिली. वाचून झाल्यावर म्हणाली, “मॅडम, मग आजच्या पावत्या भरू का नको?” आणि भरायला बसली.

आमचं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढची तक्रार कळायची नाही.

दसरा झाला की आमच्या तालुक्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. दिवाळीनंतर म्हातारी माणसं, थोडी शाळकरी पोरं आणि कुत्री तेवढी मागे राहतात. बाकी सगळे फडावर, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कुणी पलीकडे कर्नाटकात. जाण्याआधी मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ती कोयत्यावर मिळते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणूस एकटा असेल तर तो अर्धा कोयता. हंगामभर तोडलेल्या उसातून उचल फिटते, नाही फिटली तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. किती टन तोडला, किती खाडे पडले, सगळं मुकादमाच्या वहीत. बाई पहाटे चारला उठून भाकरी टाकते, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवते, पण वहीत तिचं नाव नसतं. कोयता नवऱ्याच्या नावावर असतो.

आम्ही दोन गोष्टी करतो. गरोदर बाई आणि लहान मूल कुठल्या कारखान्याच्या हद्दीत, कुठल्या फडावर आहे याची नोंद ठेवून तिथल्या आशाताईला फोन लावतो. आणि बायकांना आपल्या टनांचा हिशोब आपल्याकडे ठेवायला मदत करतो. या दुसऱ्या कामाला २०२४च्या जानेवारीपासून जास्तच महत्त्व आलं. तेव्हा तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. वाढ ठरली हे पेपरात आलं, पण ती पदरात पडली का, हे कळायला आपण किती टन तोडला ते आधी माहीत पाहिजे ना!

त्यासाठी आम्ही जे केलं त्याला तंत्रज्ञान म्हणायचं का, मला माहीत नाही. रात्री कोपीवर, म्हणजे फडाशेजारच्या झोपडीवर, आल्यावर बाई व्हॉट्सअ‍ॅपवर दोन वाक्यं बोलून पाठवते आणि कारखान्याच्या वजनकाट्याची पावती हाती लागली असेल तर तिचा फोटो टाकते. फोन बहुधा नवऱ्याचा, नाहीतर टोळीतल्या एखाद्या पोराचा. आमची मुलगी सकाळी ते सगळं ऐकते आणि एक्सेलच्या शीटमध्ये भरते. महिनाअखेरीला प्रत्येकीला तिचा आकडा बोलून पाठवते, कारण वाचता न येणाऱ्याच जास्त आहेत. आज त्या शीटमध्ये ४१२ बायका आहेत.

गेल्या वर्षी पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एका टोळीचा हिशोब आमच्या गावात पारावर झाला. मुकादमाच्या वहीत १,९८० टन, आमच्या शीटमध्ये २,०४१. मुलगी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आणि पावत्यांचे फोटो एकेक करून दाखवत गेली. मुकादम लबाडच होता असं मी म्हणणार नाही, त्याचीही वही रात्री बॅटरीच्या उजेडात लिहिलेली. दोन तास त्याने पानं उलटसुलट केली आणि ५४ टन कबूल केले. उरलेल्या सात टनांच्या पावत्या अवकाळीत भिजून लगदा झाल्या होत्या, त्यांचे फोटो निघालेच नव्हते. ते सात टन गेले. पण ५४ टनांचे पैसे दहा कोयत्यांत वाटले गेले, आणि त्या दिवशी पारावर बायका पहिल्यांदा पुढच्या रांगेत बसलेल्या मी पाहिल्या.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी. तुमचा पैसा वस्तूला मिळतो, माणसाला मिळत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्यासाठी जे बजेट मंजूर झालं त्यात अ‍ॅप बनवणाऱ्या एजन्सीला साडेअठरा लाख होते, २५ टॅबना पावणेचार लाख होते, उद्घाटनाला चाळीस हजार होते. हे सगळं चालवणार कोण, त्या रकान्यात शून्य. आम्ही विचारलं तर उत्तर आलं, “ते तुमचं कॉन्ट्रिब्यूशन समजू.” दुसऱ्या वर्षी पाच मीटिंगा करून, हातापाया पडून, महिना अकरा हजारांचं एक पद मिळालं. आता कात्री लागली तर पहिली त्याच पदाला. साडेअठरा लाखांत त्या मुलीचा चौदा वर्षांचा पगार निघाला असता. वनवासाचं गणित मी मुद्दाम जमवलेलं नाही, भागाकार करून पाहा.

पगाराचा विषय काढला की तुमच्याकडून ‘पाच टक्क्यांची मर्यादा’ ऐकायला मिळते. आमच्यासारख्यांना कायदा माहीत नसतो असं गृहीत धरलेलं असतं. कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू झालं १ एप्रिल २०१४ला. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची, इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर. २०२१च्या सुधारित नियमांत त्याची व्याख्याच दिली आहे: एखाद्या ठरावीक प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरायचा नाही. शाळेच्या प्रकल्पात शिक्षकाचा पगार हा जसा प्रकल्पाचा खर्च, तसा हिशोबाच्या प्रकल्पात हिशोब लिहिणारीचा. तेव्हा कायदा आड येतो असं कृपा करून सांगू नका. पगार द्यायचा नाही असं स्पष्ट सांगा, आम्हाला ‘नाही’ ऐकायची सवय आहे.

एक वर्षाच्या मुदतीचंही तसंच. त्याच नियमांत ‘चालू प्रकल्प’ अशी सोय आहे. सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत प्रकल्प चालवता येतो. तरी दर जानेवारीत आम्ही नव्याने प्रस्ताव लिहितो, एप्रिल ते ऑगस्ट वाट पाहतो, सप्टेंबरात पैसे येतात आणि मार्चपर्यंत खर्च करा म्हणून फोन येतात. आमचा हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो. ज्या महिन्यांत तयारी करायची त्या महिन्यांत आमच्या खात्यात बँकेच्या व्याजाशिवाय काही नसतं.

दुसरी तक्रार अ‍ॅपची. अ‍ॅप बनवणारी मुलं हुशार होती, वागायला चांगली होती, त्यांच्याबद्दल माझा आकस नाही. पण ती आमच्याकडे आली मे महिन्यात, दोन दिवस, तेव्हा सगळे गावात होते. त्यांनी फॉर्म केला त्यात राहण्याच्या ठिकाणाचा एकच रकाना. गाव, तालुका, पिनकोड. आमची बाई सात महिने एका पत्त्यावर आणि पाच महिने उसाच्या फडाशेजारी कोपीत. कोपीला पिनकोड कुठला? तिचं ठिकाण बदललं की अ‍ॅप तिला ‘ड्रॉपआउट’ म्हणायचं. नोव्हेंबरात तुमच्या मुंबईच्या पडद्यावर आलेख धाडकन खाली आला आणि आम्हाला पत्र आलं, लाभार्थी कमी का झाले त्याचा खुलासा करा. ज्यांच्यासाठी प्रकल्प काढला ते ज्या कामासाठी जातात त्या कामाला गेले, हा खुलासा मी लेखी दिलेला आहे. फाइलला असेल.

कोयत्याचा रकाना तर नव्हताच. ‘व्यक्ती’ होती आणि ‘कुटुंब’ होतं. ‘व्यक्तीचं मासिक उत्पन्न’ इथे आकडा भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. नवऱ्याच्या नावावर पूर्ण उचल लिहिली तर बाईसमोर शून्य येतं. अर्धी-अर्धी लिहिली तर जे तिच्या हातात कधीच आलं नाही ते आलं असं कागदोपत्री ठरतं. आम्ही तीन वेळा विचारलं, काय लिहू? उत्तर आलं, काहीही लिहा पण रिकामं ठेवू नका. त्या वर्षीच्या तुमच्या वार्षिक अहवालात ‘महिलांच्या उत्पन्नात वाढ’ अशा मथळ्याचा एक रंगीत तक्ता आहे. तो कसा तयार झाला हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.

ईमेल आयडी सक्तीचा होता, हे सांगायचं राहिलं. आमच्या चारशे बायकांचे ईमेल आयडी आमच्या शिपायाने एका दुपारी तयार केले.

अशी ठेच एकट्या आम्हाला लागलेली नाही. २०२१च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते, आठवत असेल. कारणं साधी होती. दोन जीबी रॅमचा फोन सारखा अडकायचा, आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत. बायांना तंत्रज्ञान नको आहे असं तेव्हा पुष्कळ जण टीव्हीवर बोलले. त्याच सेविका आज दिवसाला पन्नास व्हॉट्सअ‍ॅप निस्तरतात.

तिसरी तक्रार अशी, की माहिती कुणाची हे कधी ठरलंच नाही. करार पस्तीस पानांचा होता. तुमचा लोगो किती सेंटीमीटरचा लावायचा हे त्यात आहे. नोंदी आम्हाला परत कशा मिळणार हे नाही. आज आम्ही त्या अ‍ॅपमधून फक्त पीडीएफ काढू शकतो, तीही आलेखांची. कोण बाई कितव्या महिन्यात आहे, कुणावर किती उचल बाकी आहे, कुणाच्या बाळाचं वजन कमी होतं, असं सगळं आम्ही बायकांना विश्वासात घेऊन विचारलं. “कुणाला कळणार नाही ना ताई?” असं त्यांनी विचारलं, मी ‘नाही कळणार’ म्हटलं. आता ते सगळं कुठल्या सर्व्हरवर आहे, कोण पाहतं, पुसलं जाणार म्हणजे खरंच पुसलं जाणार का, यातलं मला काहीच सांगता येत नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या जबाबदाऱ्या समजावून देणारं एक प्रशिक्षण तुम्हीच आम्हाला ऑनलाइन दिलंत, प्रमाणपत्रही आलं. आमच्याकडून सह्या घेतल्यात, तुमच्या बाजूचं एकदा सांगा.

नोंदी हरवण्याचा अनुभव आम्हाला जुना आहे, म्हणून जास्त झोंबतं. २००७ ते २०१४च्या आमच्या याद्या श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. कॉम्प्युटर बदलला, फॉन्ट गेला, आणि सात वर्षांची नावं उघडली की नुसते तुटके इंग्रजी अक्षरांचे खडे दिसायचे. कितीतरी आयांच्या पहिल्या बाळंतपणाच्या नोंदी त्यात होत्या.

त्या परत कशा मिळाल्या तेही सांगते, कारण हे पत्र नुसतं रडगाणं होऊ नये. तुमच्यातल्याच एका कंपनीचे चाळीस कर्मचारी एका शनिवारी ‘व्हॉलंटिअरिंग डे’साठी आले होते. सारखे टी-शर्ट, बॅनर, ड्रोन. बायकांना एक्सेल शिकवायचा कार्यक्रम होता. साडेअकराला सुरू झाला, एकला जेवण, तीनला बस निघाली. चाळिसातला एक मुलगा मागे रेंगाळला, कपाटातल्या त्या जुन्या फायली त्याने पाहिल्या. पुढचे चार रविवार तो पुण्याहून एसटीने आला. स्वतःच्या पैशाने. श्रीलिपीतलं सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल अशा अक्षरांत, उतरवून दिलं, जिथे नाव लागेना तिथे आमच्या शेवंताबाईंना विचारलं, त्यांनी तोंडपाठ सांगितलं. (बाई खऱ्या आहेत, नाव बदललंय.) बॅनर लावून झालेल्या कार्यक्रमांचं आमच्याकडे काय उरलं ते आठवावं लागेल. त्या चार रविवारांची फाइल आम्ही आजही रोज उघडतो.

चौथी तक्रार थोडक्यात. एकच आकडा आम्ही सात ठिकाणी भरतो. चार देणगीदारांचे चार फॉर्म, त्यात कुणाचं वर्ष एप्रिलला सुरू, कुणाचं जानेवारीला. मुलीचे महिन्यातले सहा दिवस त्यात जातात. त्या सहा दिवसांत फडावरून आलेले निरोप तसेच पडून राहतात.

आता एआय. विरोध करायला मी बसलेली नाही. उलट आमचं अर्धं काम बोललेलं ऐकून लिहिण्याचं, यंत्राने ते केलं तर मला आनंदच आहे. केंद्र सरकारने २०२२ साली भारतीय भाषांसाठी ‘भाषिणी’ हे एआय व्यासपीठ सुरू केलं, मराठी बोललेलं लिहून देणारी साधनं आता फुकटही मिळतात. आम्ही दोन साधनं करून पाहिली. मागे ट्रॅक्टर चालू, बाजूला बाळ रडतंय आणि बाई बीडच्या बोलीत सांगतेय. ‘वाढं’ म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, जनावरांच्या चाऱ्यासाठी विकतात, त्याचा झाला ‘वाडा’. ‘खाडा’चा ‘खड्डा’. ‘औंदा’ म्हणजे यंदा, ते एका साधनाने चक्क ‘औंध’ केलं. मुलगी हसून हसून लोळली. पण तिने एक गोष्ट बरोबर पकडली. म्हणाली, याला शिकवायला आपल्याकडचे दोन वर्षांचे निरोप आणि त्यासमोर मी भरलेलं शीट आहे की. ऐकलेलं काय आणि लिहिलेलं काय, दोन्ही शेजारी शेजारी.

साहेब, मॅडम, हे नीट पाहा. तुम्हाला जे यंत्र शिकवायचंय त्याचं पुस्तक म्हणजे त्या नोंदी. त्यातल्या जुन्या तुमच्या अ‍ॅपमध्ये अडकल्यात आणि त्या तुम्ही ३१ मार्चनंतर पुसणार आहात. पुस्तक लिहिणारीला तुम्ही या महिन्यापासून काढलंय. आणि पुढच्या वर्षी ‘ग्रामीण महिलांच्या आवाजासाठी एआय’ असा प्रस्ताव कुणीतरी तुमच्याकडे घेऊन येईल, त्याला कोटीभर मिळतील, आणि ती मुलं माहिती गोळा करायला मे महिन्यात दोन दिवस आमच्याकडे येतील.

साधं, हाताला बसेल असं तंत्रज्ञान आपल्याकडे झालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’मध्ये बाळाचा न्यूमोनिया ओळखायला मण्यांचं एक साधन केलं होतं. ज्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपेपर्यंत मणी कुठवर गेला त्यावरून औषध द्यायचं की नाही ते ठरायचं. सुईणीला काय येत नाही यावर तिथे रडत बसले नाहीत, दहापर्यंत येतंय ना, मग दहावर काम करू, असं पाहिलं. आमच्या उसाच्याच मुलखातलं सांगायचं तर १९९८ साली वारणानगरच्या परिसरात सत्तर गावं कॉम्प्युटरने जोडायचा मोठा प्रकल्प झाला. शेतकरी इंटरनेटवर जगभरचं ज्ञान घेतील अशी कल्पना होती. शेतकऱ्यांनी ते मुख्यतः उसाचं वजन, तोडणीची पाळी आणि खताचा हिशोब बघायला वापरलं. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी हे पाहून काही गावांत कॉम्प्युटरच्या जागी साध्या मोबाइलवर एसएमएस आणले, आणि लोकांना ते सोयीचं गेलं. आज बऱ्याच कारखान्यांत वजनाचा मेसेज ऊस पिकवणाऱ्याला जातो. ऊस तोडणारीला जात नाही. तिचं नाव वहीत नाही आणि नंबर सिस्टिममध्ये नाही. आम्ही जे करतोय ते एवढंच, की तो मेसेज तिच्यापर्यंत न्यायचा.

आणखी एक, विसरण्याआधी. २०२५च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. बाईच्या आधारचा ओटीपी, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी. मुदत वाढत गेली तोवर टोळ्या फडावर पोचल्या होत्या. बाई एका फडावर, आधारला जोडलेला नंबर गावाकडे सासऱ्याच्या फोनमध्ये, सासऱ्याला ओटीपी वाचता येत नाही. आमची मुलगी एका कानाला सासरा आणि दुसऱ्या कानाला सून धरून बसायची. त्या दोन महिन्यांत तिने किती बायकांचे महिन्याचे दीड हजार वाचवले ते तिने मोजलं नाही, कारण तुमच्या अ‍ॅपमध्ये त्याला रकाना नव्हता.

मागण्या लिहिते. त्यात नवा पैसा फारसा नाही, आहे तोच वेगळ्या खिशात घाला.

१. तंत्रज्ञानासाठी जो पैसा द्याल त्यातला निम्मा तरी ते चालवणाऱ्या माणसांच्या पगाराला, त्यांच्या शिक्षणाला आणि दुरुस्तीला द्या. पगार किमान कौशल्याला शोभेल असा द्या. अकरा हजारांत शिकवून तयार केलेली मुलगी तालुक्याच्या पतसंस्थेत पंधरावर जाते आणि आम्ही तिला थांब म्हणू शकत नाही.

२. मंजुरी तीन वर्षांची द्या. नियमांत बसते. पैसा जूनपर्यंत खात्यात येऊ द्या.

३. करारात लिहा, की नोंदी संस्थेच्या आणि त्या बायकांच्या आहेत. अ‍ॅप बंद करायचं तर सहा महिने आधी कळवा, आणि सगळी माहिती साध्या एक्सेलमध्ये उघडेल अशी, मराठीसकट, आमच्या हातात द्या. त्यानंतर तुमच्याकडची पुसा आणि पुसल्याचं पत्र द्या.

४. नवं अ‍ॅप बनवण्याआधी आहे ते वापरून पाहा. कोबोसारखी मोबाइलवर माहिती भरायची साधनं रेंज नसताना चालतात, मराठीत फॉर्म होतो, आमच्यासारख्या पुष्कळ संस्था वापरतात. तरीही नवंच करायचं ठरलं, तर बनवणाऱ्यांनी आधी हंगामात एक आठवडा फडावर काढावा. राहायची सोय आम्ही करू. आंघोळीला पाणी मिळेलच असं नाही.

५. चार कंपन्यांनी मिळून एक अहवाल ठरवा. तुमच्या परिषदा पंचतारांकित हॉटेलात होतातच, त्यात जेवणाआधीचा एक तास याला पुरेल.

६. ज्या कंपनीने आम्हाला तो ईमेल पाठवला त्यांच्यासाठी वेगळं: ३१ मार्चचा निर्णय मागे घ्या किंवा निदान नोंदी आधी परत करा. पद पुढच्या हंगामाच्या अखेरपर्यंत चालू ठेवा.

टॅबचं काय झालं असं तुम्ही विचाराल, कारण लेखापरीक्षणात ते विचारलं जातंच. पंचवीसपैकी सोळा चालू आहेत. पाचांच्या बॅटऱ्या फुगल्या, ते पत्र्याच्या डब्यात घालून गच्चीवर ठेवलेत. तीन दुरुस्तीला बीडला आहेत, दुरुस्तीला बजेट नाही म्हणून दुकानातच आहेत. एक फडावर कोपीला आग लागली तेव्हा जळाला. ती बाई बाळाला घेऊन बाहेर पडली आणि टॅब राहिला म्हणून आमच्याकडे येऊन रडली. मी तुमच्या फॉर्ममध्ये ‘गहाळ’ लिहिलं, ‘जळाला’ हा पर्याय नव्हता.

यंदा पाडवा १९ मार्चला आहे. कारखाने बंद होतील तशा टोळ्या परतायला लागतील. बायका आल्या की घरची चूल पेटवायच्या आधी काहीजणी आमच्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसतात. “ताई, औंदा आमचं किती भरलं?” तेव्हा फाइल ३१ तारखेच्या आत नको, पाडव्याच्या आत पाठवा. ईमेल पत्ता तुमच्याकडे आहे. आमच्या नेटवर जड फाइल उतरत नाही. दहा-दहा एमबीचे तुकडे करून पाठवलीत तर बरं. जोडायचं काम मुलगी करेल. या महिन्याचा तिचा पगार आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून दिलाय.

आपली,
बीड जिल्ह्यातली एक कार्यकर्ती
फेब्रुवारी २०२६